सेवानिवृत्त गृहस्थांसाठी भाजीखरेदी नियमावली

ज्यांची पेन्शन सुरू झाली आहे, गुडघे अजून साथ देतात आणि दुपारी बाराच्या आत ज्यांची घरात कोणालाही गरज नसते, अशा सर्व गृहस्थांना ही नियमावली लागू राहील. तीत कोणाही एका व्यक्तीला उद्देशून काही लिहिलेलं नाही. आमच्या घरी अशी एक व्यक्ती आहे, हा योगायोग समजावा.

कलम 1 : व्याख्या
‘स्वस्त’ म्हणजे समोरच्या फ्लॅटमधल्यांनी आणली त्यापेक्षा दोन रुपयांनी कमी. ‘ताजी’ म्हणजे मातीसकट. ‘थेट शेतकऱ्याकडून’ म्हणजे विकणाऱ्याच्या डोक्यावर टोपी होती.

कलम 2 : पिशवी
कापडी न्यावी. टोमॅटो सगळ्यात वर ठेवावेत. कलम एवढंच आहे, तरी सर्वांत जास्त भंग याचाच होतो.

कलम 3 : बाजारभावाचा अभ्यास
सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्रातलं बाजारभावाचं सदर वाचावं. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातले भाव त्यात येतात. फळभाज्यांचे दहा किलोला आणि पालेभाज्यांचे शेकडा जुड्यांना. ज्यांनी नोकरीत कोट्यवधींच्या फायली हातावेगळ्या केल्या, त्यांना आता भागाकाराची संधी क्वचितच मिळते. ती इथे साधावी. दहा किलो भेंडी तीनशे, म्हणजे किलो तीस. मग पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे जावं आणि चारचौघांना ऐकू जाईल असं विचारावं, “यार्डात तीस आणि तुमच्याकडे साठ?”

ती बाई पहाटे तीनला उठलेली असते. तिनं टेम्पोत वाटा दिलेला असतो, हमाली दिलेली असते, आणि घेतलेल्या दहा किलोंतली किलोभर भेंडी जून नाहीतर किडकी निघालेली असते. दुपारच्या उन्हात उरलेल्या भेंडीचं वजन घटतं ते वेगळंच. हा सगळा हिशेब वर्तमानपत्रात छापून येत नाही. ती एवढंच म्हणते, “मग काका, यार्डातच जायचं की.”

गृहस्थ जातात. शनिवारी गेल्यास कुलूप बघून परत येतात, कारण फळं-भाजीची आठवडी सुट्टी शनिवारी असते. रविवारी गेल्यास आठवड्यातली सर्वांत मोठी आवक बघायला मिळते आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. आडत्याच्या गाळ्यावर पाव किलो मागितलं की माणसं आधी आपल्याकडे बघतात, मग पुढच्या गिऱ्हाइकाकडे. तेव्हा खरा उपाय सांगते : चार घरं मिळून दहा-दहा किलो घ्यावं. फ्लॉवर, कोबी, टोमॅटो, मटार यांत खरोखर पैसे वाचतात. वाटणी मात्र बायकांनी करावी. पुरुषांनी एकदा केली तेव्हा कोणाकडे मोठा गड्डा गेला, यावरून सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव येता येता राहिला.

आणि ज्यांना यार्ड झेपत नाही त्यांनी ते सदर भावासाठी न वाचता आवकेसाठी वाचावं. कशाच्या किती गाड्या आल्या, हे तिथे असतं. ज्याची आवक वाढली ते पुढचे दोन-तीन दिवस कोपऱ्यावरही उतरतं. त्याचीच भाजी करावी. हा माझा नियम आहे, ह्यांचा नाही.

कलम 4 : शेतकरी ओळखणे
2016 साली राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून काढला आणि शहरांतल्या मोकळ्या मैदानांवर शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. त्यांना नाव दिलं संत सावता माळ्यांचं. अरणच्या या संतानं मळ्यातच विठ्ठल पाहिला, तेव्हा नाव शोभलं. आता या बाजारातला प्रत्येक विक्रेता शेतकरीच असतो का, असं कोणी विचारेल. विचारू नये, बघावं. ज्याच्यापुढे आलं, सिमला मिरची, सफरचंद, बटाटे आणि ब्रोकोली एका रांगेत मांडलेली असते, त्याचं शेत फार अद्भुत असलं पाहिजे. ज्याच्याकडे दोन-तीनच जिन्नस आहेत, वांग्यांत लहान-मोठी सरमिसळ आहे, मेथीच्या मुळांना ओली माती आहे आणि पेरणी कधीची विचारल्यावर जो विचार न करता उत्तर देतो, तो शेतकरी.

‘पेरणी कधीची?’ हा प्रश्न मात्र एकदाच विचारावा. त्यानंतर ठिबक, खतं, हमीभाव आणि कृषिखात्याचं धोरण यांवर वीस मिनिटं बोलू नये. मागे रांग असते. शेतकऱ्याला भाजी विकून रात्रीच्या आत गावी पोचायचं असतं. तो ‘हो साहेब, बरोबर आहे’ म्हणतो ते पटलं म्हणून नव्हे.

कलम 5 : हंगाम
इथे मात्र थट्टा बाजूला.

आमच्या सासूबाईंना भाव ठाऊक नसत, महिने ठाऊक असत. मार्गशीर्ष लागला की चाकवत, पावटा, तुरीच्या शेंगा. पौषात ओला हरभरा, त्याची सोलाण्यांची आमटी. गूळभेंडीचा हुरडा कोणी आणून दिला तर शेंगदाण्याची चटणी करून तयार. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी. तिच्यात काय घालायचं हे कुठल्या पुस्तकात बघावं लागत नसे, कारण त्या आठवड्यात मंडईत जे ढिगानं आलेलं असे तेच तिच्यात पडे. सणांची ताटं ही मुळात आवकेची यादी आहे, असं माझं मत आहे. कोणाला पटो न पटो.

सणाचा एक तोटा आहे. आदल्या दिवशी भाव चढतो. भोगीची भाजी, ऋषिपंचमीचा अळू-माठ हे दोन दिवस आधी घेऊन ओल्या फडक्यात ठेवावं. पितृपक्षात गवार, भेंडी, तांबडा भोपळा महागतो, कारण पितरांना काय आवडायचं हे सगळ्या घरांना एकाच वेळी आठवतं. तेव्हा ज्यांच्या घरी तिथी नाही त्यांनी पडवळ खावं. पडवळाला कोणी विचारत नाही. ते स्वस्त असतं आणि डाळ घालून केलं तर चांगलंही लागतं. ह्यांना आवडत नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला मंडईच्या बाहेर, पदपथावर, मुळशी-मावळकडच्या बायका गोणपाट पसरून बसतात. टाकळा, कुर्डू, फोडशी, पुढे करटोली. वजनकाटा नसतो, वाटे असतात. ही भाजी कोणी पेरलेली नसते. पहिल्या पावसानंतर डोंगरउतारावर उगवते आणि पंधरवड्यात जून होते. टाकळ्याचा कोवळा शेंडाच घ्यावा. फोडशीच्या पातीतला जाड दांडा काढून टाकावा. बाकी कशी करायची ते त्या बाईलाच विचारावं. ती सांगते, आणि नीट सांगते. मोबाइलमध्ये बघून तिला भाजीचं शास्त्रीय नाव सांगू नये. तिला ते लागत नाही.

मे महिन्यात मटार मागू नये. मटाराची घाई असलेल्यांनी पावसाळ्यात पुरंदरच्या वाटाण्याची वाट बघावी आणि तो नसेल तेव्हा गप्प बसावं.

कलम 6 : पारख
भेंडीचं टोक मोडावं, पण एकाच भेंडीचं. सगळ्या ढिगाची टोकं मोडणाऱ्या गृहस्थांना बाजारात येताना लोक दुरून ओळखतात.

वांगं हातात हलकं लागलं पाहिजे. जड म्हणजे बियांचं. देठ हिरवा, टोपी अंगाला चिकटलेली, कुठे भोक नाही. दुधीला नख लावून बघता येतं, पण नख लावलेला दुधी परत ढिगात ठेवणाऱ्याला मी तरी माणूस म्हणणार नाही. कलिंगडाच्या पोटावर, जिथे ते मातीवर टेकलेलं होतं, तिथला डाग पिवळा हवा. पांढरा असेल तर लवकर तोडलं आहे. त्याला टिचक्या मारून कान लावायचा असेल तर खुशाल लावावा, गर्दी जमते.

आंबा. हे स्वतंत्र शास्त्र आहे आणि आमच्याकडे त्याचे स्वयंघोषित आचार्य आहेत. कोकणातल्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे त्याचे जिल्हे. पेटीवर देवगड आणि आत कानडी वर्तमानपत्र असेल तर आंबा वाईट असतो असं नाही. भाव मात्र देवगडचा देऊ नये. पाडव्याला पहिली पेटी घेणं ही श्रद्धा आहे, खरेदी नव्हे. मेच्या मध्यावर भाव उतरतो. आढीत घातलेला कच्चा आंबा घरी पिकवला तर आणखी स्वस्त पडतो. रसासाठी पायरी घ्यावा. हे वाक्य मी दर वर्षी बोलते.

कलम 7 : घासाघीस
सकाळी पहिल्या गिऱ्हाइकानं भवानीच्या वेळी हुज्जत घालू नये. रात्री आठनंतर गेलं तर न मागता कमी होतं, विशेषतः पालेभाजीचं. ती उद्या टिकत नाही. मधल्या वेळेत ‘कमी करा’ म्हणण्याऐवजी ‘वर काय देता?’ विचारावं. कढीपत्ता, दोन मिरच्या, चार काड्या कोथिंबीर यांत दोघांचाही मान राहतो.

सहा जुड्या पुढ्यात घेऊन बसलेल्या म्हातारीशी अजिबात घासाघीस करू नये. तिला महात्मा फुले मंडईचा इतिहासही ऐकवू नये. होय, ही इमारत 1886 मध्ये उघडली, तेव्हा तिचं नाव लॉर्ड रे मार्केट होतं. होय, जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना या बांधकामाच्या खर्चाला विरोध करत होते, तो पैसा शिक्षणावर लावा म्हणत होते, आणि पुढे तिलाच त्यांचं नाव मिळालं. गोष्ट खरी आहे आणि चांगलीही आहे. पण म्हातारी वीस रुपयांच्या सुट्ट्यांसाठी थांबलेली आहे. आधी वीस रुपये द्यावेत.

संबोधनाबद्दल. बाईला मावशी म्हणावं, ताई म्हणावं, ‘ए’ म्हणू नये. ती आपल्याला काय म्हणेल यावर आपला ताबा नसतो. नोकरीत असताना साहेब, मग काका, आणि यंदा एका मुलीनं सरळ बाबा म्हटलं. त्या दिवशी गृहस्थांनी सांगेल तो भाव दिला आणि घरी येऊन दोन तास कोणाशी बोलले नाहीत.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. परवा ह्यांना ताप होता म्हणून मी गेले. कोपऱ्यावरच्या त्याच भाजीवालीनं, जिच्याशी ह्यांचं भेंडीवरून रोज वाजतं, आधी विचारलं, “काका कुठायत?” मग टोपलीच्या तळातून बाजूला ठेवलेली चाकवताची जुडी काढली. तिचे पैसे तिनं घेतले नाहीत, भेंडीचे पूर्ण घेतले. मी तीस वर्षं तिथे भाजी घेते आहे. माझ्यासाठी तिनं आजवर काही बाजूला ठेवलेलं नाही.

कलम 8 : प्रत्यक्ष शेतावर जाणे
टाळावं. टाळता येत नसेल तर पुढील हिशेब वहीत लिहून सही करावी : सासवडला जाऊन-येऊन साठेक किलोमीटरचं पेट्रोल, दिवे घाट चढल्यावर भूक लागते म्हणून मिसळ, मिसळीनंतर चहा, आणि मग अंजीर किलोमागे वीस रुपयांनी स्वस्त.

पुरंदरचं अंजीर आहेच तसं, त्याबद्दल वाद नाही. पण ते झाडावरच पिकतं, तोडल्यावर पिकत नाही, आणि फार तर दोन दिवस राहतं. दोन माणसांच्या घराला पाच किलो अंजीर ही खरेदी होत नाही, आपत्ती होते. सीताफळाचं उलट. ते कडक घेता येतं. खवल्यांमधल्या रेघा रुंदावून फिकट दिसायला लागल्या की झाडावरून उतरवण्याजोगं झालं. पण अख्खं कॅरेट घेतलं की सगळी सीताफळं एकाच दुपारी पिकतात, लग्नाच्या वऱ्हाडाला एकदम भूक लागावी तशी. मग बिया काढून गर फ्रीजरमध्ये टाकावा लागतो. बिया कोण काढतं, हे इथे लिहीत नाही.

कलम 9 : कांदा
सालाचा कांदा भरण्याची वेळ एप्रिल-मे. उन्हाळी कांदाच घ्यावा. खरिपाचा लाल कांदा काही आठवड्यांत कोंब काढतो. मान बारीक आणि मिटलेली, पात पूर्ण वाळलेली, साल चांगली सुकलेली बघावी. हवेशीर जागी पातळ पसरावा, बटाट्यांपासून लांब ठेवावा, आठ-दहा दिवसांनी खालवर करून सडका काढावा. हे केलं तर दिवाळीच्या आधी भाव कडाडतात तेव्हा खरोखर बरं वाटतं. माणशी किती लागतो याचा अंदाज बायकोला विचारावा. विचारल्यानंतर तो ऐकावा. दोन माणसांना पन्नास किलोची गोणी लागत नाही.

कलम 10 बटाट्यांचं होतं. पण खालून हाका येताहेत, लिफ्ट बंद आहे आणि गोणी वर आणायची आहे.