जुनं की नवं?

गॅझेटकाकांना नाव विचारू नये. एका कुरियरवाल्या पोराने विचारलं. बिचारा चार मजले चढून आलेला, कपाळावर घाम, तोंडात पेनचं टोपण. "नाव?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे उलट विचारलं, "जुनं की नवं?" पुढची वीस मिनिटं तो पोरगा दारातच होता. पाकीट शेजाऱ्यांचं होतं.

नाव बदलणारे पुष्कळ असतात. ते बदलतात आणि गप्प बसतात. काकांचा वाण वेगळा. त्यांच्या शबनममध्ये महाराष्ट्र शासन राजपत्राचं एक पान कायम असतं, लॅमिनेट केलेलं, आणि ते बाहेर यायला निमित्त लागत नाही. भाजीवाल्याने नुसतं "काय देऊ, काका?" म्हटलं तरी पुरतं. राजपत्राचा भाग दोन, संकीर्ण सूचना व जाहिराती, एका बाजूला जुनं नाव, दुसऱ्या बाजूला नवं. त्याच सूचनांच्या डोक्यावर शासनाने बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हा मजकूर अर्जदाराच्या सांगण्यावरून छापला आहे, कागदपत्रं तपासलेली नाहीत, खरेखोटेपणाची जबाबदारी आमची नाही. काका ते पान दाखवताना अंगठा नेमका तिथे ठेवतात.

सगळं सुरू झालं एका 'ए'पासून. पाळण्यातलं नाव प्रकाश. वीज मंडळात नोकरी, त्यामुळे नावाला जागून जगलेला माणूस. पण बढती दोनदा हुकली आणि कुणीतरी किरोचं अंकशास्त्र हातात ठेवलं. त्यात इंग्रजी अक्षरांना एक ते आठ अशा किमती असतात, नऊ कुणाच्याच वाट्याला नाही. पी ८, आर २, ए १, के २, परत ए १, एस ३, एच ५. एकूण २२. किरोच्या लेखी २२ म्हणजे भ्रमात जगणारा भला माणूस. आणि २३? साक्षात सिंहाचा राजतारा! मधलं अंतर एकाचं, 'ए'ची किंमतही एकच. अजय देवगणने २००९मध्ये इंग्रजी आडनावातला एक 'ए' काढून टाकला होता. काकांनी एक आत घेतला. देशातल्या 'ए'चा हिशेब तेवढाच राहिला.

प्रतिज्ञापत्र, फोटो, ओळखपत्र, अर्ज, फी, सगळं रीतसर. महिन्याभराने मराठीत हाक मारली तर प्रकाश तो प्रकाशच. मराठी बोर्डावर नाव रंगवणारा पेंटर तर पार गोंधळला. "काका, जुनं पुसून तेच परत काढायचं?" "हो. पण उच्चारात तो जादा 'ए' आला पाहिजे." पेंटरने दोनदा रंगाचे पैसे घेतले. लोक मात्र जिन्यात भेटले की मुद्दाम "काय, प्रकाऽऽश!" असा सूर लावू लागले, आणि काका खूश होऊन म्हणत, "बघा, आता बरोबर येतंय."

बढती आली नाही. निवृत्ती आली.

सोसायटीत एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांनी काकांना कर्नाटकाचा दाखला दिला: येडियुरप्पांनी २००७मध्ये स्पेलिंगमधला 'आय' काढून तिथे जादा 'डी' घातला आणि मुख्यमंत्रिपद तेव्हा आठवडाभरात गेलं. काका म्हणाले, पुढच्याच वर्षी परत आले की नाही? मास्तर म्हणाले, २०११मध्ये परत गेलंही, आणि २०१९मध्ये शपथ घेतली ती जुन्या स्पेलिंगने. हा वाद पाण्याच्या टाकीपाशी दोन तास चालला. त्या दिवशी टाकी भरून वाहिली.

निवृत्तीनंतर माणसं ज्ञानेश्वरी वाचतात, काकांनी निकालपत्रं वाचायला घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये सीबीएसईच्या एका प्रकरणात सांगितलं होतं की आपल्या नावावर आपला ताबा असणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. काकांना वाटलं, हे आपल्यालाच उद्देशून आहे. एवढं स्वातंत्र्य असताना एका 'ए'वर समाधान मानणं हा भित्रेपणा झाला. नाव असं हवं की जे दुसऱ्या कुणाचं नसेल. तीन महिने शब्दकोश चाळून त्यांनी निवडलं: अनाम.

आता यातली मेख काकूंच्या पहिल्या दिवशीच लक्षात आली होती. काका बँकेत फॉर्म घेऊन गेले. नाव: अनाम. खिडकीमागच्या मुलीने फॉर्म परत सरकवला. "काका, नाव लिहायचं राहिलंय." गणपतीच्या वर्गणीला त्यांनी चांगले ५०१ रुपये दिले, तर फळ्यावर 'अनाम ५०१' वाचून सगळी सोसायटी त्या गुप्त दात्याचं कौतुक करत राहिली. कार्यकर्त्यांनी काकांकडेही येऊन ऐकवलं, "बघा, लोक नाव न सांगता देतात!" त्यात पुन्हा बेरीज होतीच. साध्या स्पेलिंगची १२ भरली, १२ वाईट, म्हणून मधे एक 'एच' कोंबून १७ केले. परिणामी दवाखान्यात पुकारा व्हायचा, "अन्हाम कोण आहे?" काका उठायचे, पिशवीत हात घालायचे आणि बाकीचे पेशंट घड्याळाकडे बघायचे.

आधार कार्डावर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. काकांच्या दोन्ही संधी संपल्या. तिसऱ्यांदा बदलायचं तर काय काय लागेल, याची चौकशी त्यांनी करून ठेवली आहे.

या सगळ्या उलथापालथीचा ज्यांना तसूभरही त्रास झाला नाही त्या काकू. त्यांच्यासाठी काका पहिल्यापासून 'अहो'. 'अहो'ला राजपत्र लागत नाही आणि त्याचं स्पेलिंगही कुणी विचारत नाही. अडचण झाली ती फक्त हळदीकुंकवाला. 'आकाश'ला 'प्रकाश' जुळवून केलेला, पस्तीस वर्षं चाललेला उखाणा बाद झाला. 'अनाम'ला जुळवायला त्यांना 'बदनाम' एवढंच सुचलं. बायका हसून लोळल्या. काका आतून ओरडले, "स्पेलिंगमध्ये 'एच' आहे म्हणावं!"

एका दुपारी काका जुनं कात्रण मोठ्याने वाचत होते. २२ ऑक्टोबर २०११, सातारा. मुलगाच हवा असलेल्या घरांनी 'नकुशी' नाव ठेवलेल्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावं मिळाली. कुणी सिनेमातल्या नट्यांची घेतली, कुणाला आपल्या मनातलं मिळालं. काकू शेंगा सोलत होत्या.

"म्हणजे त्यांना निवडायला मिळालं," त्या म्हणाल्या.

इतकंच. पण काका त्या दिवशी पुढचं कात्रण वाचू शकले नाहीत. त्यांना ताट आठवलं. ताटात पसरलेले तांदूळ, आपल्या हातातली अंगठी, आणि भटजींच्या सांगण्यावरून तांदळात गिरवलेलं 'प्रभा'. प्रकाशला शोभेल असं. ना प्रतिज्ञापत्र, ना फोटो, ना फी. दोन मिनिटांचं काम. गिरवताना मागून कुणीतरी म्हणालं होतं, "छान आहे हो नाव," आणि ताट उचलून नेलं होतं. त्या तांदळांचा पुढे भात झाला असावा. माहेरचं कुमुद नाव हाकेत उरलं ते फक्त काकूंच्या भावाच्या. भाऊबिजेला दारातूनच "कुमे!" म्हणून आरोळी यायची. तो दोन वर्षांपूर्वी गेला.

त्यानंतर आठवडाभर काका कमी बोलले. लोकांना वाटलं तब्येत. खरं तर ते काकूंचा शाळा सोडल्याचा दाखला शोधत होते. तो माळ्यावर, लग्नातल्या ट्रंकेत, पैठणीच्या घडीखाली निघाला. मग त्यांनी अर्ज काढला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"काय गं, या रकान्यात काय घालू? जुनं नाव म्हणजे प्रभा का कुमुद?"

काकूंनी गॅस बारीक केला. "जुनं कुमुदच की. पण तुमच्या त्या कागदावर ते नव्याच्या रकान्यात जाईल."

"मग घालू?"

"इतक्या वर्षांनी? लोक काय म्हणतील?" त्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने, पाठमोऱ्याच, "त्यात तुमची जादा अक्षरं घालणार असाल तर नको."

काकांनी टेबलाशी बसून सवयीने बेरीज केली. के २, यू ६, एम ४, यू ६, डी ४. एकूण २२. भ्रमात जगणारा भला माणूस. एक 'ए' घातला की २३, राजतारा. पेन 'डी'च्या आधी बराच वेळ थांबलं. मग त्यांनी पाचच अक्षरं लिहिली आणि अर्ज सहीसाठी आत नेला.