गोळीशास्त्री

मासे धरणारा मनुष्य मासे खाणाराही असला पाहिजे, हा सर्वमान्य सिद्धांत जबलपूरच्या मराठी मंडळीतील एका विशिष्ट गृहस्थापुढे पार निष्प्रभ होतो. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत, किंवा पुढे जबलपूर मध्यप्रांतात असून राजधानी नागपुरास होती त्या काळात, ज्यांचे पूर्वज कारकुनी, वकिली अथवा मास्तरकी करण्यासाठी इकडे आले, ज्यांच्या घरी एकादशीचा साबुदाणा आजही चुकत नाही आणि शेजारच्या स्वयंपाकघरातून मासळीचा वास येताच खिडक्या लागतात, अशा घराण्यातला हा पेन्शनर पुरुष पहाटेच्या अंधारात स्कूटरला बांबूची काठी बांधून तिलवारा घाटाच्या रोखाने निघतो. त्याला आम्ही गोळीशास्त्री म्हणतो; कारण मत्स्यविद्येच्या अफाट मुलुखातून त्याने एकच परगणा आपल्या जहागिरीस निवडलेला असतो, आणि तो म्हणजे गळास लावावयाच्या कणकेच्या गोळीचे आकारमान.

गोळीशास्त्री बहुधा गन कॅरेज फॅक्टरीच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेला असतो. 1904 साली सुरू झालेल्या या कारखान्याने तोफांचे गाडे किती घडवले याचा हिशेब सरकारदप्तरी असेलच. परंतु केसभर जाड निघालेला खिळा निर्विकार मुद्रेने नापास करण्याची जी वृत्ती त्याने या शहरात पिढ्यान्‌पिढ्या मुरवली, तिची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. नग एका छिद्रातून गेला पाहिजे आणि दुसऱ्यातून जाता कामा नये, हे तेथील मापनाचे आद्य सूत्र. शास्त्र्याजवळ त्याच तत्त्वावर स्वहस्ते कोरलेली पितळेची पट्टी असते, आणि घाटाच्या पायरीवर बसून तो प्रत्येक गोळी तिच्यातून पार करून पाहतो. कणीक हा स्वभावतःच लाचखाऊ पदार्थ असल्यामुळे किंचित दाबताच ती दोन्ही छिद्रांतून निमूट पलीकडे जाते, ही अडचण त्याला ठाऊक आहे. म्हणूनच तो गोळीत कापसाचे तंतू मळतो. त्यामुळे ती मापात राहते आणि प्रवाहात लवकर विरघळतही नाही. यातले दुसरे कारण खरे आहे आणि नर्मदेवरचे सगळे जुने शिकारी ते जाणतात. पहिले केवळ शास्त्र्याचे.

नवशिक्याची दीक्षा गळाच्या क्रमांकापासून सुरू होते. सहा नंबरचा गळ चारापेक्षा लहान, चार हा दोनापेक्षा लहान, आणि एकाच्या पुढे शून्याची शेपटी लावून आकडे पुन्हा वाढू लागले की गळही वाढू लागतो, हे ऐकून बाहेरचा मनुष्य गोंधळतो. सरकारी नोकरीत हयात घालवलेल्यास मात्र त्यात काहीच वावगे वाटत नाही, कारण चतुर्थ श्रेणी प्रथम श्रेणीच्या खाली असते हे त्याने पगारपत्रकावर अनुभवलेले असते. गोळी गळाच्या मानाने फार मोठी झाली की टोक आत गाडले जाते, आणि हिसका देताच गळ कणकेत रुतून माशाच्या ओठापर्यंत पोचतच नाही. फार लहान झाली की उघडे लोखंड पाहून मासा विन्मुख होतो. कटल्याचे तोंड वर वळलेले आणि प्रशस्त, रोहूचे खाली झुकलेले व झालरदार, मृगळ तळाशी तोंड लावून चरणारा. यांच्या जबड्यांत दात नसतात, ते घशात असतात. इथवर शास्त्र्याचे विवेचन इतके निर्दोष असते, की ऐकणाऱ्याने येथेच उठून नमस्कार करावा आणि घरी जावे.

परंतु तो उठू देत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला, तेव्हा राजाच्या करमणुकींत मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण घालून कोणत्या माशास काय चारावे हेही सांगितले, हा दाखला तो देतोच देतो. त्यात काही गैर नाही. गैर एवढेच, की सोमेश्वराने जे राजास सांगितले ते आपणासच उद्देशून होते, अशी त्याची समजूत असते.

कारण गोळीचा आकार हा त्याच्या लेखी माशाचा प्रश्न मुळी नसतोच. हरभऱ्याएवढी गोळी लावणारा मनुष्य आपण चिल्हर माशांवर समाधान मानण्यास तयार आहोत असे जाहीरपणे लिहून देतो, आणि नोकरीत ज्याची बढती दोनदा हुकली त्याने निवृत्तीनंतर तरी असा कबुलीजबाब का द्यावा? शास्त्र्याची गोळी आवळ्याएवढी असते. ती महसिरासाठी आहे. महसीर हा 2011 पासून मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे, आणि राजपदाला पोचलेल्या बहुतेकांप्रमाणे तो आता सामान्यांच्या दृष्टीस फारसा पडत नाही. वाहत्या, खळाळत्या पाण्यातून वर चढून गोट्यांच्या तळावर अंडी घालणारा हा मासा. वरच्या अंगास बरगीचे धरण झाले, आणि ती वाट संपली. वीजघरातून पाणी सुटते त्या मानाने घाटाच्या पायऱ्या बुडतात आणि उघड्या पडतात. शास्त्री मात्र गोळीत हिंग घालतो, सातू घालतो, आणि धरणापूर्वीच्या माशाच्या मापाची गोळी धरणानंतरच्या पाण्यात सोडतो.

ग्वारीघाटाकडे तो फिरकत नाही. तेथे भाविक ‘नर्मदे हर’ म्हणत माशांना कणकेच्या गोळ्या चारतात, आणि तेथल्या माशांना वाटाण्याएवढ्या गोळीची सवय लागलेली आहे. हाताने टाकली तर पुण्य आणि सहा नंबरच्या गळावर टाकली तर पाप, अशी ही एकच गोळी. तिच्या धार्मिक बाजूविषयी शास्त्र्याची पत्नी रोज पहाटे कणीक काढून देताना थोडक्यात पण स्पष्ट बोलते. शास्त्र्याला ती बाजू सलत नाही. माशांना फुकट आणि बेमाप खाऊ घालून भाविकांनी त्यांची शिस्त बिघडवली, हे त्याचे दुःख.

त्याचा खरा प्रतिपक्ष खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेला एक बंगाली दादा. दादा लाल मुंग्यांची अंडी कणकेत कालवतो, बोटाला येईल तेवढा गोळा लावतो, आणि मासे घरी नेऊन खातो. मोजमाप न करता मिळालेले यश हे शास्त्र्याच्या मते यशच नव्हे, पण ते तो दादापुढे बोलत नाही. कारण सोळा जून ते पंधरा ऑगस्ट ही शासकीय बंदी सोडली तर वर्षभर शेजारी बसायला दुसरे कोणी नसते.

अशा एका सकाळी शास्त्री दादाशी वाद घालण्यात गुंतला असता चिल्हर माशांनी त्याची आवळ्याएवढी गोळी टोचून टोचून हरभऱ्यावर आणली, आणि मोरपिसाच्या दांडीचा तरंगा एकाएकी बुडाला. दीड किलोचा रोहू निघाला. शास्त्र्याने प्रथम गळावर उरलेली कणीक पितळी पट्टीला लावून पाहिली, मग वही उघडून लिहिले : ‘सोडतेवेळी माप मंजूर. प्राप्तीच्या वेळी माप नामंजूर. मधील घट चिल्हराचे नावे खर्ची टाकावी. नग जमा धरू नये.’ बेहिशेबी मासा ठेवून घेणे तत्त्वात बसेना, आणि घरी नेणे शक्यच नव्हते. तेव्हा तो रीतीप्रमाणे दादाच्या पिशवीत गेला. मात्र त्याबद्दल पोच म्हणून वहीत सही हवी, असा शास्त्र्याने आग्रह धरला. दादाने चष्मा पुसला, ठसठशीत सही केली, आणि तिच्याखाली स्वतःचा शेरा मारला, की मुंग्यांची अंडी असती तर हाच मासा दोन किलोचा निघाला असता.