डुक्कर दिसली म्हणे!

"वैनी, आज डुक्कर बघितली. शाहूपुरीत."

अण्णा फिरून आले की भाजीची पिशवी आत द्यायच्या आधी बातमी देतात, तीही कंपाउंडच्या भिंतीवरून. मी कपडे वाळत घालत होते. दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर महापालिकेला फोन लावला असता. मी विचारलं, "रंग?"

"पांढरीफेक. किराणा दुकानाम्होरं हुबी. मालक डिकीत तांदळाची पोती घालत होता."

"पुढच्या दाराचं हँडल कुठं होतं?"

"आता हँडल कोण बघतंय!"

"मग डुक्कर कशावरून?"

अण्णा गप्प. माणूस आयुष्यभर बँकेत कॅशला बसलेला, खोटी नोट बोटानं ओळखणारा. पण गाडी गोल दिसली की डुक्कर आणि लांब दिसली की इंपाला, एवढंच त्यांचं शास्त्र. आता कोल्हापुरात असले तरी माझं माहेर मुंबईचं, परळचं. वडिलांची काळी-पिवळी पद्मिनी होती, त्यामुळे आमच्या गल्लीत या विषयावर माझा शब्द शेवटचा. निदान माझ्या मते.

"डुक्कर म्हणजे जुनी फियाट अकराशे. एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, त्या खानदानातली. तिचं पुढचं दार उलटं उघडतं. पुढच्या-मागच्या दोन्ही दारांच्या बिजागऱ्या मधल्या एकाच खांबावर. म्हणून पुढचं हँडल पार पुढं, मडगार्डाजवळ. दार उघडायची वाट बघत रस्त्यात थांबायला नको, हँडल बघायचं आणि पुढं व्हायचं."

"लुगड्यातल्या बायकांना उतराय सोपं पडायचं म्हणं त्यातनं."

"उतरायला सोपं. पण चालत्या गाडीत कडी निसटली की वारा ते दार सताड उघडायचा."

अण्णांनी डोळे मिटून शाहूपुरी आठवली. "हँडल मागं होतं बहुतेक. आन् जरा चौकोनी बी वाटत होती."

"मग पद्मिनी!"

"बघा, म्हंजे डुक्कर न्हवंच," अण्णा हिरमुसले. मला जरा वाईट वाटलं, म्हणून वंशावळ सांगितली. १९६४ ला कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डिलाइट आली, पुढे तिलाच प्रेसिडेंट म्हणायला लागले आणि १९७४ पासून पद्मिनी. इंजिन तेच १०८९ सीसीचं, गिअर तसाच स्टिअरिंगच्या दांड्यावर. सासरी नावं बदलत राहिली, बाई तीच.

"आता मुंबईत टॅक्सी दिसत न्हाईत न्हवं त्या?"

"कशा दिसतील? टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदवलेली, तेव्हा २०२३ चा ऑक्टोबर संपता संपता कारभार आटोपला. पेपरात केवढे फोटो! गाडीला हार काय, डोळ्यांत पाणी काय. आणि त्याच्या आधीची कितीतरी वर्षं हीच माणसं रांगेतली पद्मिनी सोडून मागच्या एसी गाडीकडे जायची. माझ्या भावानं स्वतः बघितलंय."

एवढ्यात अक्का पिशवी न्यायला बाहेर आल्या. "भाजी सुकली तिकडं. कोण मेलं?"

"पद्मिनी," अण्णा म्हणाले.

"मेली कुठं? वकिलांच्या आंब्याखाली हाय की! मांजरीनं पिल्लं घातल्यात सीटवर."

आता कुठे विषयाला रंग चढला. मागच्या गल्लीतल्या वकिलांच्या घरची फियाट ताडपत्रीखाली आहे हे सगळ्यांना माहीत; ती का आहे, हे अक्कांना माहीत. गाडी थोरल्या वकिलांची, म्हणजे वारलेल्या वडिलांची. आरसी बुक अजून त्यांच्याच नावावर. थोरल्या मुलाला विकायची आहे, मधल्याला ती बाबांची आठवण वाटते (हा मधला पुण्यात, त्यामुळे आठवण ठेवायला त्याला जागा लागत नाही), आणि धाकट्याला कुणीतरी सांगितलंय की पाच वर्षं थांब, किंमत वाढेल. तोवर थोरली सून बॉनेटवर पापड वाळवते.

"म्हणजे गाडी टिकली ती या तिघांच्या भांडणानं," मी म्हटलं. "अण्णा, माझं ऐका. ज्यांनी लाडानं सांभाळल्या त्यांनी मारुती आल्यावर पहिल्या विकल्या. डिसेंबर १९८३ मध्ये इंदिराबाईंनी पहिल्या मारुतीची किल्ली दिली, आणि तेव्हापासून फियाटवाल्यांची नजर फिरली. राहिल्या त्या वाटणीत अडकलेल्या, नाहीतर चिंगूसांच्या."

"आन् मिस्त्रींच्या," अण्णा म्हणाले. "उद्यमनगर इसरलासा काय?"

हे मात्र मान्य. शिवाजी उद्यमनगरात सुटा भाग मागायला गेलात तर मिस्त्री "मिळत नाही" म्हणून हात वर करणार नाही. जुना भाग हातात घेऊन उलटा-पालटा करेल आणि म्हणेल, मंगळवारी या. किंगपिनचं बुश लेथवर काढून देईल, ओतकामाचा भाग फाउंड्रीतून पाडून आणेल. आमच्याकडे जुन्या गाडीचा पार्ट मिळत नाही, करून मिळतो. ज्या गावात लेथ नाही तिथे हौस असूनही गाडी उभीच राहते.

"अवो, गाडी सुदिक करून मिळत हुती," अण्णांची छाती फुगली. "आपल्या इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांनी केली न्हाई व्हय, मीरा? मारुतीच्या कितीतरी आधी. इवलीशी, इंजिन मागं. एक न्हाई, सुधारत सुधारत कैक नमुने केले त्यांनी. कारखाना तेवढा निघाला न्हाई. ती जर रस्त्यावर दिसली असती तर..."

"तर तुम्ही तिलाही डुक्कर म्हणाला असता," अक्का आत जाता जाता म्हणाल्या.

अण्णांनी विषय बदलला. दरवर्षी ते तो बदलतात तसाच: दसरा. शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते आणि अण्णा सोनं लुटायचं सोडून गाडीच्या चाकांकडे बघत उभे राहतात. राजाराम महाराजांच्या वेळची जर्मन गाडी, लांबच लांब. बघण्यासारखी आहेच. पण माझं मत अण्णांना पटत नाही: ते बघणं म्हणजे दर्शन. तारीख ठरलेली, वेळ ठरलेली, गर्दी ठरलेली. मुंबईत हॉर्निमन सर्कलहून निघणाऱ्या व्हिंटेज गाड्यांच्या रॅलीचंही तेच. पॉलिश केलेली रोल्स बघून मान डोलावायची आणि घरी यायचं. खरी मजा डेअरीसमोर अचानक दिसणाऱ्या गाडीची. नागाळा पार्कातल्या दाताच्या डॉक्टरांची हेरल्ड बघा. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची. बॉनेट उघडलं की दोन्ही मडगार्डांसकट अख्खं तोंड पुढं पडतं, मगरीनं आ करावा तसं. डॉक्टर त्यात डोकं घालून उभे असतात आणि दवाखान्यात पेशंट गाल धरून बसलेला.

"गोव्यात लई असायच्या म्हणं. मर्सिडीज टॅक्सी!"

"असायच्याच. १९६१ पर्यंत पोर्तुगीज होते. इकडे परदेशी गाडीवर बंधनं, तिकडे बोटीतून सरळ उतरायच्या. डिझेल मर्सिडीज, ओपेल. गोवा मुक्त झाला तरी त्या टॅक्सी पुढं कितीतरी वर्षं धावल्या. आमच्या वडिलांना त्याचा भारी राग. म्हणायचे, आम्ही पद्मिनीसाठी नंबर लावून बसायचं आणि पणजीत मासेवाली मर्सिडीजमधून उतरते."

अँबेसिडरचं नाव दोघांनीही काढलं नाही. ती २०१४ ला बंद झाली तरी आमच्या मनात अजून सरकारी कामावर आहे. मेहुण्याची बदली रद्द करून घ्यायला आलेला माणूस तिच्यातून उतरतो असंच वाटतं.

"पण वैनी, वकिलांच्या गाडीला आता ती नवी पाटी मिळंल की. पन्नास वर्सं झाली आसतील."

"व्हिंटेजची, व्हीएची? ती नव्यानं नोंदवलेल्या गाडीला; आधी नोंदलेल्या गाडीला जुनाच नंबर ठेवता येतो. २०२१ चा नियम आहे. पन्नास वर्षांच्या वर, मूळ रूपात असली पाहिजे, नवी नोंदणी वीस हजार. पण व्हिंटेज म्हणून नोंदली की रोजची वापरायची नाही. रॅलीला न्या, प्रदर्शनाला न्या, दुरुस्तीला न्या, पेट्रोल भरायला न्या. तुमच्या त्या शाहूपुरीवाल्याला तांदळाची पोती आणता येणार नाहीत."

"पेट्रोल भराय चालतंय न्हवं? पंपाच्या वाटेवर किराणा दुकान लागलं तर?"

बँकेतला माणूस अखेर. मी चादर दोरीवर टाकली.

अक्का परत बाहेर आल्या, या वेळी हात पुसत आणि भिंतीच्या अगदी जवळ. म्हणजे खरी बातमी आता. "कुणाला सांगू नका. काल मुंबईचा एक गिऱ्हाईक येऊन गेला वकिलांकडं. लग्नाला भाड्यानं द्यायला जुन्या गाड्या घेतो. ताडपत्री काढून फोटो काढले, मांजर हाकलली, आकडा बी चांगला बोलला. तिघं भाऊ एका दमात तयार!"

अण्णांचं तोंड उतरलं. "म्हंजे गेली."

"ऐका तरी पुढचं. गाडी अजून थोरल्या वकिलांच्या नावावर, तवा सगळ्या वारसांची संमती लागती म्हणं आरटीओत. मग आज सकाळी सांगलीच्या बहिणीला फोन केला, सहीसाठी."

"मग?"

"ती म्हणाली, मला न विचारता ठरवलंसा कसं? आणि घराच्या वाटणीचं काय झालं ते आधी सांगा."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी अण्णांकडे.

"दहा वर्सं," अण्णा म्हणाले.

"पंधरा," मी म्हटलं. "सांगलीच्या वन्संना मी ओळखते."