स्कूटरवाले सर

दिवाळीच्या सुट्टीतली पहाट, साडेपाच वाजलेले. जुन्या जालन्यात गांधी चमनपाशी आम्ही सात जण आपापल्या मोटारसायकली गुरगुरवत उभे होतो. जायचं होतं गोकर्णाला. आठवी गाडी आली ती आवाज न करता. तिच्यावरून उतरलेल्या गृहस्थांनी रामराम वगैरे काही केला नाही. खिशातून हवा मोजायची पेन्सिलीएवढी नळी काढली आणि ते माझ्या बुलेटच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले.

"चोवीस आहे. एवढं सामान लादलंय, कालच भरून आणायची ना."

"सर, आता या वेळेला पंप कुठून आणू?"

सरांनी आपल्या स्कूटरचं सीट उचललं. आतून पंप निघाला.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतात. वय पन्नाशीच्या पलीकडे. आमच्या ग्रुपात प्रत्येकाला टोपणनाव आहे, त्यांना मात्र तोंडावर सगळे 'सर' म्हणतात आणि पाठीमागे 'स्कूटरवाले सर', म्हणजे दुसऱ्या कुठल्या सरांशी गल्लत नको. ग्रुपात दुसरे सर नाहीत.

त्यांचा पोशाख मात्र आमच्याहून कडक. पॅडवालं जॅकेट, गुडघ्याला कवचं, घोट्याच्या वर येणारे बूट, डोळ्यांवर वेगळा चष्मा. वरून हिमालय, खालून भाजीमंडई. अर्थात त्यांची स्कूटर भाजीमंडईतली नाही, हे ते तुम्हाला पहिल्या दोन मिनिटांत सांगतील. इंजिन दीडशे सीसीच्या वरचं, पाण्यानं थंड होणारं, चाकं चौदा इंची. परदेशात एवढ्याला कुणी मोठी म्हणणार नाही, हेही तेच सांगतात. तिकडे यामाहाची टीमॅक्स ५६२ सीसीची, सुझुकीची मोठी बर्गमन तर ६३८ची होती. बीएमडब्ल्यूनं २०२१ साली आपल्याकडे ३५० सीसीची स्कूटर आणली, किंमत ९ लाख ९५ हजार. ती ऐकून सर म्हणाले होते, "एवढ्यात अंबड रोडला प्लॉट पाहू की."

सरांच्या स्कूटरला त्यांच्या घरातून एकच विरोध आहे, पण तो मूलभूत आहे. पाय ठेवायच्या जागेत मधोमध एक उंचवटा आहे. टाकी त्याच्याच पोटात. मोटारसायकलसारखी मजबुती त्यामुळं येते, असं सर म्हणतात. वहिनी त्याला 'वरंबा' म्हणतात. "दीड लाखाची गाडी घेतली आणि दळणाचा डबा बसंना, सिलिंडर बसंना. मग हिला स्कूटर कामून म्हणायचं?" गणिताच्या शिक्षकाला या प्रश्नाचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

जालन्याच्या अंगावरून समृद्धी महामार्ग जातो. मुंबईपासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर, आणि दुचाकीला बंदी. सरांना या बंदीचं दुःख नाही. "महाराष्ट्रात बुलेट आणि स्कूटरला समान वागणूक देणारा हा एकच रस्ता आहे," असं ते समाधानानं सांगतात. आम्ही त्यामुळं दक्षिणेची वाट धरली: अंबड, वडीगोद्री, आणि तिथून शहागडला गोदावरी ओलांडणारा राष्ट्रीय महामार्ग ५२. बीड, सोलापूर, विजापूर, हुबळी करत तो थेट अंकोल्याला समुद्राशी नेऊन सोडतो.

रस्त्यावर मोटारसायकलवाल्यांचा एक रिवाज आहे. समोरून दुसरा सामान बांधलेला गडी आला की डावा हात जरा खाली सोडून दोन बोटं दाखवायची. मांजरसुंब्याच्या घाटात समोरून पुण्याच्या गाड्या आल्या. पहिल्याला बोटं, दुसऱ्याला बोटं, असे सात सलाम झाले. आठव्याला स्कूटर पाहून त्यांच्या म्होरक्याचा हात पुन्हा हँडलवर गेला. सरांनी तरीही हात केलाच. त्यांना उत्तरं येतात, पण ती वेगळ्या लोकांकडून. दुधाच्या किटल्या अडकवलेला एक जण हात करतो. स्कूटीवरून शेतावर चाललेली बाई हसते. एका गावात तर पारावरच्या म्हाताऱ्यानं त्यांना थांबवून हप्त्याची तारीख विचारली.

पेट्रोलपंपावरही तेच. आमच्या बुलेटीत तेरा लिटर मावतं, सरांच्या टाकीत साडेपाच. म्हणजे पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर झाले की सर डाव्या हाताचा इंडिकेटर लावून पंपाकडे वळणार. पोरगा नळी हातात घेऊन विचारतो, "शंभरचं टाकू?" सर म्हणतात, "फुल." पोरगा आमच्याकडे बघतो, आम्ही दुसरीकडे. ग्रुपात यावरून पुष्कळ चेष्टा होते. पण खरं सांगायचं तर पावणेदोनशे किलोमीटरला चाळिशीतल्या माणसाची पाठ, मूत्राशय आणि चहाची तलफ हे तिन्ही बरोबर एकाच वेळी बोलायला लागतात. 'सरांसाठी थांबायचंय' असं म्हटलं की आपली अब्रू झाकली जाते.

असल्याच एका थांब्यावर नव्या पोरानं, ज्याला आम्ही बारक्या म्हणतो, विचारायला नको ते विचारलं. "सर, याला गिअरच नाही, मग ही चढावर ओढते कशी?" झालं. सरांनी दोन बशा मागवल्या आणि मिठाईच्या खोक्याचं रबर काढलं. बशांभोवती रबर ताणून धरलं. एक बशी इंजिनाकडची, दुसरी मागच्या चाकाकडची, मध्ये पट्टा. इंजिन जोरात फिरलं की पहिल्या कप्पीतल्या वजनदार गोट्या बाहेर फेकल्या जातात, कप्पीच्या दोन्ही बाजू जवळ येतात, पट्टा वर चढतो आणि मागे तेवढाच खोल उतरतो. "म्हणजे गिअर नाहीत असं नाही. मोजता येत नाहीत एवढे आहेत. पूर्णांक आणि वास्तव संख्या यातला फरक." बारक्याचा चहा गार झाला. हॉटेलवाल्यानं बशा परत मागितल्या.

पण सरांचं खरं वैभव सीटखाली आहे. आम्ही घर सोडून निघतो, आमच्या पिशव्यांत तेवढेच कपडे आणि चार्जर. सर घर घेऊन निघतात. त्या डिकीत वहिनींचे धपाटे असतात, शेंगदाण्याची चटणी असते, जालन्याची मोसंबी असते. मोसंबीबद्दल सर हळवे आहेत, तिला भौगोलिक मानांकन आहे हे कर्नाटकातल्या माणसालाही हिंदीतून सांगतात. शिवाय नायलॉनची दोरी, सुई-दोरा, पोटदुखीच्या गोळ्या, जुन्या पायजम्याची फडकी, कापूर. कापूर कशाला, हे विचारायचं धाडस अजून कुणाला झालेलं नाही. डिकीच्या खालीच इंजिन असल्यामुळं सोलापूरच्या पुढं धपाटे तव्यावरून उतरल्यासारखे गरम निघाले. त्याच न्यायानं बेसनाचे वीस लाडू ठेवले होते, त्यातून निघाला तो एकच, डब्याच्या आकाराचा. सरांनी कालथ्यानं त्याच्या आठ वड्या पाडल्या. वड्या अगदी समान होत्या. कालथा डिकीतलाच.

विजापूरला मुक्काम केला. गोल घुमटाच्या वरच्या सज्ज्यात चढलो. मोहम्मद आदिलशहाच्या कबरीवरचा हा घुमट कुजबुजसुद्धा पलीकडे पोचवतो आणि मोठा आवाज पुन्हा पुन्हा परत करतो. बारक्यानं भिंतीला तोंड लावून आवाज दिला, "स्कूऽऽटर!" घुमटानं ते सातदा म्हटलं. पलीकडच्या अंगाला सर उभे होते. ते वळले, भिंतीशी वाकले आणि उत्तर आलं, "दीडशे सीसीच्या वर!" तेही सातदा.

रात्री खोलीवर मात्र सर जरा वेगळ्या सुरात बोलले. स्कूटरवरून लांब जाणं हे त्यांच्या मते नवं खूळ नाहीच. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली आला, त्याच्याही आधीपासून मराठवाड्यात चेतक होती. "आमच्या वडिलांनी आम्हा तिघांना चेतकवरून तुळजापूरला नेलं होतं. मी पुढं उभा, मध्ये बहीण, मागं आई तिरकी, तिच्या मांडीवर नैवेद्याचा डबा. गेलो, दर्शन घेतलं, आलो. त्याला कुणी टूरिंग म्हणालं नाही. नवस म्हणाले." मग त्यांनी मैसूरच्या डी. कृष्णकुमारांची गोष्ट सांगितली. या गृहस्थांनी नोकरी सोडली आणि २०१८ पासून आईला मागे बसवून वडिलांनी दिलेल्या चेतकवर देशभरची तीर्थं केली, नेपाळ-भूतानपर्यंत गेले. इटलीचा जॉर्जिओ बेत्तिनेल्ली १९९२ साली रोमहून व्हेस्पावर निघून सायगॉनला पोचला, हेही सांगितलं. "आणि तुम्हाला गोकर्णाला जायला साडेतीनशे सीसी लागतात." आमच्यातल्या एकानं घोरायला सुरुवात केली होती, तो त्यावर थांबला.

ग्रुपात सरांची जागा कायम शेवटची. पुढचा तो लीडर, शेवटचा तो स्वीप. इंग्रजीत शब्द रुबाबदार वाटतो, मराठीत त्याचा अर्थ झाडूवाला. सरांनी ही पदवी शब्दशः घेतली आहे. आमच्यातून रस्त्यात जे जे गळतं ते ते त्यांच्याकडे जमा होतं: एक हातमोजा, पिशवीचं झाकण, कुणाच्या तरी नंबरप्लेटचा बोल्ट. संध्याकाळी ते ओळख पटवून परत करतात.

दुसऱ्या दिवशी हुबळी, येल्लापूर सोडून आरबैलच्या घाटाला लागलो. दोन्ही बाजूंना जंगल आणि उतार लागोपाठ. स्कूटर उताराला मोटारसायकलइतकी रोखून धरत नाही. वेग फारच पडला की आतला क्लच सुटतो आणि गाडी मोकळी पळते, मग सगळा भार ब्रेकवर. म्हणून सर मूठ किंचित पिळलेली ठेवून शांतपणे उतरत होते, मधूनच थांबून ब्रेक निवू देत होते. आम्ही गिअरात गाडी ठेवून झोकात पुढं गेलो आणि एका वळणावर बारक्याच्या क्लचची वायर तुटली. रविवारची दुपार. मोबाइलला रेंज नाही. सगळ्यांनी उतरून एकेकदा क्लचची कडी दाबून पाहिली, जणू सहा जणांच्या खात्रीनं वायर जोडली जाणार होती.

वीस मिनिटांनी झाडूवाले आले. काही न विचारता सीट उचललं. मोसंबीची पिशवी काढून दगडावर ठेवली. पंप, दोरी, कालथा. तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सुरळी काढली आणि बारक्याच्या हातात दिली. कोरी वायर. त्याच्याच गाडीच्या मॉडेलची.

"मागच्या महिन्यात तुझी कडी ओढून बघितली होती. एक तार सुटलेली होती."

"मग सर, तेव्हाच सांगायचं ना!"

"सांगितलं होतं. तू म्हणालास, सर तुम्हाला क्लचमधलं काय कळतं, तुमच्या गाडीला क्लच तरी आहे का."

बारक्या वायरीकडे बघत राहिला. सर पायजम्याचं फडकं रस्त्यावर अंथरून गुडघ्याच्या कवचांवर बसले. "क्लच आहे," पान्यासाठी हात पुढं करत ते म्हणाले, "वायर नाही."

गोकर्णाबद्दल लिहिण्यासारखं विशेष काही नाही. समुद्र होता.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरी रोडनं स्टेशनकडे चाललो होतो. पुढं रस्त्याच्या कडेनं सर पायी चालले होते, खांद्यावर दळणाचा डबा. दीड हजार किलोमीटर करून आलेला माणूस पाचशे मीटरवरच्या चक्कीला पायी.

"सर, गाडी कुठंय?"

"घरी. मध्ये वरंबा आहे ना."

मी बुलेट थांबवली. सर डबा मांडीवर घेऊन मागं बसले, एका हातानं तो धरला, दुसरा माझ्या खांद्यावर ठेवला. दहा पावलंही गेलो नसू तोच मागून आवाज आला.

"मागच्या चाकात पुन्हा चोवीसच आहे."