डावा डोळा आणि दोन मिनिटं

अठरा दिवस माझ्या डाव्या डोळ्याची खालची पापणी लवत होती. आरशात धड दिसायचं नाही, पण बोट ठेवलं की कळायचं. आत कुणीतरी घाईघाईने मेसेज टाइप करतंय. घरच्यांना "बघ, बघ, आत्ता" म्हणावं, तर पाहुण्यांपुढे कविता म्हणायला उभ्या केलेल्या पोरासारखी ती गप्प व्हायची.

डॉक्टरांपुढेही गप्पच झाली. दीड तासाने नंबर लागला होता. त्यांनी टॉर्च मारला आणि विचारलं, "टेन्शन आहे का काही?" मी "तसं..." एवढंच म्हणालो आणि त्यांचा फोन वाजला. बोलता बोलता त्यांनी हातानेच 'काही नाही' अशी खूण केली. फोनवरच्या माणसाला खूण दिसत नाही, तेव्हा ती माझ्यासाठीच असावी. बाहेर सहाशे रुपये दिले.

तक्रार वेळेची नाही. 67 देशांमधली डॉक्टर-भेट किती वेळ चालते, याचा आढावा 2017 साली 'बीएमजे ओपन'मध्ये आला होता. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात 48 सेकंद आणि आपल्याकडे दोन मिनिटांच्या आसपास. म्हणजे माझ्या वाट्याची दोन मिनिटं मला मिळाली. त्यातली दीड फोनवाल्याने खाल्ली, एवढंच.

पण 'काही नाही' हे औषध रात्री दोन वाजता लागू पडत नाही. दोनला मी मोबाइल उघडला, सव्वादोनला मला मेंदूत गाठ होती आणि अडीचला विम्याची कागदपत्रं कुठल्या कपाटात आहेत ते बायकोला उठवून सांगितलं.

सकाळी बार्शीच्या आत्याला फोन केला. तिने आधी डावा की उजवा ते विचारलं. मग वरची पापणी की खालची, कधीपासून, झोपेतही लवते का, रात्री किती वाजता झोपतोस, चहा किती होतो? सात कप. "पुरुषाचा डावा लवणं वाईटच," ती म्हणाली, "पण सात कप त्याहून वाईट." शकुन सोडला, तर ही हिस्टरी कुठल्याही मेडिकल कॉलेजात पास व्हावी.

नंतर नीट वाचलं तेव्हा कळलं, याला मायोकिमिया म्हणतात. पापणीच्या स्नायूचे तंतू आपोआप फुरफुरतात. जागरण, ताण, चहा-कॉफी ही नेहमीची कारणं. बहुतेकदा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत थांबतं. लांबलं, डोळा पूर्ण मिटायला लागला किंवा गाल, ओठही ओढले जाऊ लागले, तर मात्र दाखवायचं. थोडक्यात, डॉक्टरांचं बरोबर होतं. चीड आली ती त्याचीच! हा सगळा मजकूर मी घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहिला. वीस-बावीस सेकंद लागले. फोन घेऊनही त्यांच्या दोन मिनिटांत बसला असता.

चहा तीन कपांवर आणला. काल रात्री डावा डोळा थांबला. आज सकाळपासून उजवा सुरू आहे. सात दिवसांत पुन्हा दाखवलं तर फी नाही, असं केसपेपरवर छापलंय. पण पुरुषाचा उजवा लवणं शुभ ना? खात्री करायला आत्याला फोन लावतोय, तर तिचा मघापासून एंगेज लागतोय.