आधी टीपी विचारा, मग व्यासपीठ निवडा

स्वतंत्र लेखकाने ऑनलाइन व्यासपीठ निवडण्याची रूढ पद्धत अशी: आधी दोन-तीन महिने पानाचा रंग ठरवावा, मग टोपणनाव, मग मानधन बँकेत कसे जमा होते ते वाचून काढावे, आणि लिहायचे काय हा प्रश्न ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात ढकलावा. या पद्धतीला आमची हरकत नाही. दुरुस्ती एकच आहे, तीही गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने आधीच सुचवून ठेवलेली.

मेंढ्याच्या ग्रामसभेला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज, म्हणजे तो गावाचा. पण तोडलेला बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, ज्याला इकडे सगळे टीपी म्हणतात, आणि टीपीचे पुस्तक होते वनखात्याकडे. थोडक्यात, बांबू तुमचा, पण जागेवर उभा असेपर्यंत. ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला 27 एप्रिल 2011 उजाडला, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावे लागले. लेखकाच्या चार कथांसाठी कोणी मंत्री येण्याचा संभव कमी. सबब, त्याने टीपीची चौकशी खाते उघडण्याआधीच करावी.

अटींच्या पानावर ‘मजकुराचे हक्क लेखकाचेच’ असे बहुतेक व्यासपीठे मोठ्या मनाने लिहितात. त्यावर भाळू नये. सगळे लेखन एकगठ्ठा बाहेर काढता येते का, आणि वाचकांचे पत्ते सोबत नेता येतात का, एवढे विचारावे. वर्डप्रेस आणि ब्लॉगर लेखन देतात. सबस्टॅक ईमेलची यादीसुद्धा देते. फेसबुकवरून मजकूर उतरवता येतो, वाचक मात्र तिथेच राहतात. ऑर्कुट 2014 मध्ये बंद झाले, गूगल प्लस 2019 मध्ये, याहू ग्रुप्स 2020 मध्ये. तिथली गर्दी काही आपल्या लेखकाचा पत्ता विचारत मागे आली नाही.

‘पण वाचक तर प्रतिलिपीवर आणि फेसबुकवरच आहेत ना!’ आहेतच, आणि तिथे न जाणे हा शुद्ध गाढवपणा. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतली नाटकेही मंडईच्या जत्रेची आणि शंकरपटाच्या बैलशर्यतींची गर्दी पाहूनच लागतात. मात्र वडशाच्या नाटक कंपन्या पडदे आणि संहिता त्या मैदानात ठेवून येत नाहीत. म्हणूनच शंकरपटावर कित्येक वर्षे बंदी होती तेव्हा पट थांबले, नाटक थांबले नाही. खर्चाचा आक्षेप त्यामानाने किरकोळ आहे: स्वतःच्या नावाचा पत्ता वर्षाकाठी हजारेक रुपयांत मिळतो, आणि तो कोणत्याही व्यासपीठाकडे वळवता येतो.

खरी अडचण बहुधा घरातच निघते. ब्रह्मपुरी-वडशाकडच्या डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेली संहिता इंटरनेटवर चिकटवली, की स्वगताच्या जागी इंग्रजी अक्षरांचा पालापाचोळा पडतो. अशा संहितेला कोणत्याच व्यासपीठाची टीपी लागू होत नाही. ती आधी युनिकोडमध्ये आणावी आणि मग ओळ न् ओळ तपासावी, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे हटकून बिघडतात. तोवर पानाचा रंग निवडायला हरकत नाही.