हात दाखवून शिक्षण

खडकीत हाताच्या हुशारीवर प्रवचन द्यायला जाऊ नये. 1869 साली इथे दारूगोळा कारखाना उभा राहिला, आणि तेव्हापासून या छावणीतल्या कित्येक घरांत एक तरी माणूस असा निपजत आला, की जो लोखंडावर नुसतं बोट फिरवून 'अजून अर्धं सूत काढावं लागेल' म्हणतो आणि ते बरोबर निघतं. बॉम्बे सॅपर्सचं केंद्रही इथलंच. पूल बांधायचा, उडवायचा आणि पुन्हा बांधायचा, हा त्यांचा अभ्यासक्रम. असं असूनही इथल्याच काय, आपल्याकडच्या बहुतेक प्राथमिक शाळांत, मग माध्यम कुठलंही असो, हाताचा उपयोग मुख्यतः घडी घालून बसायला आणि करंगळी वर करून बाहेर सुटायला होतो. आता अशा गावात एखाद्या इस्लामी प्राथमिक शाळेने एक अख्खं सत्र हातांनी शिकायचं ठरवलं, तर लोक म्हणतील, हे भलतंच नवं खूळ. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. हा प्रयोग करायला इतर शाळांना पैसे, साहित्य आणि परिपत्रक लागेल. या शाळेला लागेल एक काठी, एक दोरा आणि एक लोटा, कारण उरलेलं सगळं तिच्या दीनियातच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, तासात आधीपासून पडून आहे.

असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजाची वेळ घ्या. ती मुळात घड्याळाने सांगितलेलीच नाही, सावलीने सांगितलेली आहे. भर मध्यान्ही काठीची जी उरलीसुरली सावली पडते ती बाजूला काढायची. तिच्यावर काठीएवढी सावली वाढली की शाफई मताने असर लागते, काठीच्या दुप्पट वाढली की हनफी मताने. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. म्हणजे खडकीच्या एका बाकावर रत्नागिरीकडचं पोर आणि सोलापूरकडचं पोर शेजारी बसलं, तर एकाच काठीची दोन उत्तरं येतात आणि दोन्ही बरोबर असतात. गणिताच्या बाईंवर असा प्रसंग उभ्या सेवाकाळात आलेला नसतो. डिसेंबरच्या अखेरीला पुण्यात मीटरभर काठीची मध्यान्हीची सावली सुमारे 90 सेंटिमीटर भरते. तेव्हा एकाची खडूची रेघ 1 मीटर 90 वर, दुसऱ्याची 2 मीटर 90 वर, आणि सावलीला पहिलीवरून दुसरीवर सरकायला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात मुलांनी काय करायचं, असं मुख्याध्यापक विचारतील. भांडायचं. मापावरून होणारं भांडण हा विज्ञानाचाच तास असतो. एप्रिलच्या मध्याला तीच मध्यान्हीची सावली जेमतेम 15 सेंटिमीटरवर येते, आणि 'काठी कुणी कापली?' हा प्रश्न जे पोर विचारेल त्याला ऋतू कसे होतात ते वेगळं शिकवावं लागणार नाही.

किब्ल्याचं, म्हणजे नमाजात तोंड करायच्या दिशेचं, तर याहून गमतीचं आहे. 'पश्चिमेकडे तोंड' हे ढोबळमानाने ठीक. पण भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली की मक्का पश्चिमेच्या उत्तरेला साधारण 5 अंशांवर दिसते, आणि पृथ्वीच्या गोलावर पुण्यापासून मक्केपर्यंत दोरा ताणून धरला की दोरा पुण्यातून 11 अंशांवर निघतो. नकाशा खोटा की दोरा? पृथ्वी गोल आहे हे वाक्य परीक्षेत लिहिणारी मुलं लाखांनी सापडतील. ते वाक्य चिमटीत धरून पाहिलेली थोडी. शिवाय वर्षातून दोनदा सूर्य मक्केच्या बरोबर माथ्यावर येतो, 27-28 मे आणि 15-16 जुलैच्या सुमारास. आपल्याकडे तेव्हा दुपारचे अनुक्रमे 2 वाजून 48 आणि 2 वाजून 57 मिनिटं झालेली असतात. त्या क्षणी सूर्याकडे तोंड केलं की झाला किब्ला, ना होकायंत्र ना फोन. बारीकशी अडचण एवढीच, की मेमध्ये शाळेला सुट्टी असते आणि जुलैमध्ये पुण्याला सूर्य नसतो. शून्य सावलीचे दिवसही असेच, एक मेच्या मध्यावर, दुसरा जुलै संपता संपता. आकाशाने आपलं वेळापत्रक शिक्षण खात्याला विचारून आखलेलं नाही, त्याला इलाज नाही. म्हणून हे सत्र दुसरं घ्यावं, दिवाळीनंतरचं.

बाकीचा अभ्यासक्रम असाच हाताशी आहे. जकात म्हणजे चाळिसावा हिस्सा. चाळीस चिंचोके मांडून त्यातला एक उचलला की अडीच टक्क्यांची भीती निम्मी जाते. वजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं, तर करूनच शिकतात, फळ्यावर वजू शिकवलेला कुणी ऐकिवात नाही. त्यात फक्त मोजपात्र आणायचं. पैगंबर एक मुद पाण्यात वजू करत असं हदीसमध्ये आहे. मुद म्हणजे ओंजळभर, लिटरच्या आतलंच माप. एकाने लोट्यातून करावा, दुसऱ्याने नळ सोडून करावा, आणि दोघांच्या पायांखाली घमेली ठेवून तिसऱ्याने पाणी मोजावं. पाणीबचतीवर पुण्यात रंगवलेल्या सगळ्या भिंती मिळून जे साधलं नाही, ते त्या दुसऱ्या घमेल्याने साधेल. नळवाल्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा होईल, पण त्याचे फोटो काढू नयेत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: धार्मिक शाळा म्हणजे घोकंपट्टी, तिथे कसला आलाय हात! हे बोलणारी मंडळी स्वतः पावकी, निमकी आणि औटकीवर वाढलेली किंवा वाढलेल्यांच्या घरची असतात हे सोडून देऊ. आक्षेपात तथ्य आहे. अर्थ न कळता पाठ केलेलं पुष्कळ असतं, तिथेही आणि शुभंकरोतीतही. पण नूरानी कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, घेऊन बसलेल्या वर्गाकडे नीट पाहिलं तर दिसतं, की तिथे पाठांतराइतकीच चालते ती जिभेची कारागिरी. साधा काफ आणि घशाजवळून येणारा काफ यांतला फरक उस्ताद व्याख्येने सांगत नाहीत. बोट गळ्याकडे नेतात, स्वतः उच्चारतात आणि पोराकडून दहादा करवून घेतात. कानस कशी धरायची हे खडकीच्या कारखान्यात याहून वेगळ्या रीतीने शिकवलं गेलं नसावं. तेव्हा पाठांतर बंद करा असं कुणीच म्हणत नाही. सकाळी जीभ, दुपारी हात, इतकी साधी वाटणी आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. हाताने शिकवण्याच्या नावाखाली गरिबांच्या पोरांना मजूर करणार आणि डॉक्टर दुसऱ्यांची पोरं होणार, हा. हा आक्षेप जुना आहे, आणि तो फार चांगल्या माणसाने नोंदवून ठेवला आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षणाचा आराखडा करायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, बर्लिनचे अर्थशास्त्राचे डॉक्टर, पुढे राष्ट्रपती. म्हणजे मराठी मुलखात टकळीला दप्तरात बसवण्याची योजना एका मुस्लिम शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाने लिहिली. डिसेंबरात अहवाल तयारही झाला. आजच्या समित्यांचं तेवढ्या वेळात खुर्च्यांचं टेंडर निघत नाही. त्या अहवालातच इशारा आहे, की शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम उपसण्याच्या मागे लागले तर शिक्षण बुडालं म्हणून समजा. तेव्हा कसोटी सोपी आहे: मुलाने केलेली वस्तू विकता येत असेल तर सावध व्हावं. सावली विकता येत नाही, किब्ल्याचा दोरा कुणी विकत घेत नाही आणि घमेल्यातलं पाणी झाडाला जातं. मध्य प्रांतात त्याच सुमाराला निघालेल्या 'विद्यामंदिर' शाळांचं नावावरून इतकं रामायण झालं, की आत काय शिकवतात याकडे पाहायला दोन्ही बाजूंना सवड उरली नाही. खडकीच्या शाळेने सत्राला नाव देऊच नये, निम्मे शत्रू तिथेच गळतील.

राहिले पालक. त्यांचं म्हणणं, नमाजाच्या वेळा फोनमध्ये येतात, मग काठी कशाला? येतात खऱ्या. पण असर हनफी की शाफई हे फोन आधी तुम्हालाच विचारतो, आणि तो का विचारतो हे काठीवाल्या पोराला ठाऊक असतं. साहित्य कुठून आणायचं म्हणाल, तर गणेशखिंडीत, खडकीच्या वेशीलाच म्हणा ना, आयुका या खगोलसंस्थेचं मुलांचं विज्ञानकेंद्र आहे. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून ते उभं राहिलं. विनोदाच्या कमाईतून विज्ञान निघाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. तिथे अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून भूमिती शिकवली. मुलाने तोडायला हरकत नाही इतकं स्वस्त साहित्य, हा त्यामागचा सगळा हिशेब.

खरा धोका कुणीच बोलून दाखवत नाही, तो आहे सत्राअखेरच्या प्रदर्शनाचा. प्रदर्शन ठरलं की काठी बाजूला पडते आणि आई रात्री बारापर्यंत कार्डबोर्डचा मिनार कापत बसते. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली म्हणून, नाहीतर मिनार थर्माकोलचाच झाला असता. प्रमुख पाहुणे 'हे तू केलंस?' म्हणून विचारतात आणि पोर आईकडे बघतं. म्हणून प्रदर्शन ठेवू नये, मुलांच्या वह्याच पाहुण्यांपुढे ठेवाव्यात. त्यात सावलीच्या तक्त्यात कुठे चुकलेली रेघ असेल, कुठे खोडून पुन्हा काढलेली. रत्नागिरी आणि सोलापूर यांच्यातला वाद मिटलेला नसेल. एखाद्या ढगाळ दिवसापुढे मापाच्या रकान्यात नुसतंच 'सूर्य आला नाही' असं लिहिलेलं असेल. तपासणीला आलेले साहेब त्या ओळीपाशी थांबतील, कारण ही नोंद खरी आहे आणि हिला किती गुण द्यायचे ते त्यांच्या कुठल्याच शासन निर्णयात सापडणार नाही.